शेजारची हिरवी गाडी

शेजारच्या गॅरेजमध्ये ती गाडी सुरू झाली की माझ्या ओट्यावरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. हे व्हायचं शनिवारी सकाळी, माझा दुसरा चहा उकळत असताना. आधी नुसती कोरडी घरघर, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग तो आवाज. तो कानांच्या आधी पायाच्या तळव्यांना कळायचा. थोडा वेळ गाडी जागेवरच गुरगुरत राहायची, मग ड्राइव्हवेवरून सावकाश उतरून रस्त्याला लागायची आणि आवाज पाइनच्या झाडांपलीकडे विरत जायचा. तासाभरात ती परत यायची. तोवर माझं आठवड्याचं धुणं ड्रायरमध्ये गेलेलं असायचं.

मी कॅरी या गावी राहायला आले तेव्हा ती गाडी म्हणजे ताडपत्रीखाली झाकलेला गंजका सांगाडा होती. शेजारी नवराबायको दोघंच राहत, दोघंही नुकतेच रिटायर झालेले. मी आले त्याच आठवड्यात बाई घरी केलेला ब्रेड घेऊन आल्या, दारात उभं राहूनच बोलल्या आणि गेल्या. पुढे काही वर्षांनी त्या आजारी पडल्या आणि वारल्या. त्यानंतर गृहस्थांनी ताडपत्री काढली. त्यांचं गॅरेज माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येतं, त्यामुळे भाजी चिरताना, भांडी घासताना ती गाडी कशी होत गेली ते मी पाहत आले. आधी तिचे सगळे भाग सुटे होऊन जमिनीवर पसरले. मग कित्येक महिने पत्रा घासण्याचा आवाज. मग एके दिवशी इंजिन साखळीला टांगलेलं दिसलं. दारं, सीटा, काचा एकेक करून आल्या, आणि एका वसंतात गाडी रंगवून परत आली. गर्द हिरवी, कढीपत्त्याच्या पानासारखी. दोन दारं, लांबलचक नाक आणि त्या नाकाखाली भलंमोठं इंजिन. अशा गाड्यांना इथे मसल कार म्हणतात. एके काळी इथल्या तरुण पोरांनी उगाच जोरात पळवाव्यात म्हणून बनवलेल्या. ही वयाने माझ्यापेक्षा थोडी मोठीच असावी.

इतक्या वर्षांत आमचं बोलणं मात्र वाढलं नव्हतं. हात हलवायचा, हवेबद्दल बोलायचं, कचऱ्याचा ट्रक सुट्टीमुळे आज येणार की उद्या ते एकमेकांना विचारायचं. मी त्यांच्या घरात कधी गेले नव्हते, ते माझ्या.

मी एकटी राहते. लग्न केलं नाही, आणि त्यामागे सांगण्यासारखं काही मोठं घडलेलं नाही. नागपूरहून नोकरीसाठी आले, आधी काही वर्षं रेडमंडला, मग इथे एका औषध कंपनीत. औषधांच्या चाचण्यांमधून येणाऱ्या आकड्यांवर काम करते. पूर्वी रोज ऑफिसला ड्राइव्ह करत जायचे. मग सगळ्यांसारखं घरून काम सुरू झालं, आणि आमच्या टीमचं ऑफिस परत कधी भरलंच नाही. आता माझे सहकारी म्हणजे पडद्यावरचे चौकोन, त्यातले निम्मे काळे. मंडळाचा गणपती असतो, दिवाळीचा कार्यक्रम असतो, दोनचार घरं आहेत जिथे मी न विचारता जाऊ शकते. तरी शुक्रवारी लॅपटॉप मिटल्यावर सोमवारपर्यंत एक शब्दही बोलायची वेळ आली नाही असे वीकेंड पुष्कळ गेले. एकदा सोमवारच्या कॉलवर माझा आवाज बसल्यासारखा निघाला. कुणीतरी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, थोडी सर्दी आहे.

शनिवारी शेजारची गाडी सुरू झाली की मला बरं वाटायचं, एवढंच. का, ते मी कधी शोधायला गेले नाही.

मागच्या वसंतात पाइनचे पिवळे परागकण रस्त्यांवर, पायऱ्यांवर हळद सांडल्यासारखे पसरले होते, त्या दिवसांत गाडी गॅरेजबाहेर उभी दिसली. तिच्या काचेवर आतून 'विकणे आहे' असा कागद चिकटवलेला होता. मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ढकलत नेत होते, तो तसाच सोडून त्यांच्या ड्राइव्हवेपाशी गेले. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत व्हायचं. पण आठवताना मला ते मराठीत आठवतं, आणि त्यात ते मला 'तू' म्हणतात, मी त्यांना 'तुम्ही'.

"विकताय?" मी विचारलं.

"डोंगरात चाललोय राहायला. ॲशव्हिलच्या बाजूला," ते म्हणाले. "मुलगी तिकडे असते. तिने एक जागा बघून ठेवलीय, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची. जेवण आयतं, जिना नाही. गॅरेजही नाही."

"आणि घर?"

"घराचं मुलगी बघेल. गाडीचं मी बघतो म्हटलं."

पुढचे दोन आठवडे लोक गाडी बघायला येत राहिले. मी खिडकीतून बघायचे. बहुतेक माझ्या वयाचे पुरुष, टोपी घातलेले. ते गाडीखाली वाकायचे, दारं उघडमिट करायचे, हाताची घडी घालून लांबून बघायचे. एका संध्याकाळी शार्लटहून एक जण मित्राला घेऊन आला. त्याने गाडीत बसून इंजिन इतकं जोरात फिरवलं की समोरच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. मग उतरून तो मित्राला मोठ्याने सांगू लागला, की हे इंजिन काढून टाकायचं आणि नवं कॉम्प्युटरवालं बसवायचं, आतलं सगळं बदलायचं, रंग काळा करायचा. माझे शेजारी पँटच्या खिशात हात घालून उभे होते आणि मान हलवत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. नुसती मान हलत होती.

तो उद्या कळवतो म्हणून गेला. मी हातातली कोथिंबीर ओट्यावर टाकली आणि ओल्या हातांनीच बाहेर गेले.

"मी घेते," म्हटलं.

"काय घेतेस?"

"गाडी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "तुला क्लच येतो?"

"नागपूरला शिकले तेव्हा दुसरं काही नव्हतंच."

"त्याला किती वर्षं झाली?"

"झाली बरीच."

"कशाला हवीय तुला?"

"मला तिचा आवाज आवडतो," मी म्हटलं.

"मला वाटायचं, आवाजाबद्दल तू एखाद दिवस तक्रार करशील. म्हणून मी नीट उजाडल्यावरच सुरू करायचो."

"मी वाट बघायचे," मी म्हटलं.

काचेवरचा कागद काढून त्यांनी त्याची घडी केली. "आधी चालवायला शीक," म्हणाले. "चेक मग दे."

घराजवळच्या चर्चचं पार्किंग आठवड्यातल्या संध्याकाळी रिकामं असतं. तिथे आम्ही जायला लागलो. पहिल्या दिवशी माझे पाय पुरेनात. माझी उंची बेताची, आणि ती सीट कुणा सहा फुटी माणसासाठी केलेली. दुसऱ्या दिवसापासून मी घरून सोफ्याची उशी नेऊन पाठीला लावू लागले. क्लच दाबायला सगळं अंग लावावं लागे. स्टिअरिंग जागेवर उभ्या गाडीत फिरतच नसे, गाडी थोडी सरकली की मगच वळवायचं, हे अंगवळणी पडायला वेळ लागला. गाडी आचके देऊन बंद पडायची. ते शेजारी बसून म्हणायचे, "पुन्हा." आवाज चढवायचे नाहीत, सुस्कारा टाकायचे नाहीत. नुसतं, "पुन्हा." ज्या दिवशी पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर गाडी अलगद गेली, त्या दिवशी त्यांनी हाताने खिडकीची काच खाली केली आणि कोपर बाहेर काढून बसले.

शिकवणी झाली की इंजिन गार होईपर्यंत आम्ही तिथल्याच कट्ट्यावर बसायचो. त्यांनी सांगितलं, की त्यांची सगळी हयात विमा विकण्यात गेली. विशीत त्यांच्याकडे अशीच गाडी होती. पहिलं मूल व्हायच्या वेळी विकून टाकली.

"हीच ती?" मी विचारलं.

"छे. ती कधीच भंगारात गेली असेल. ही तिची बहीण म्हण हवं तर."

मग त्यांनी मला विचारलं, की शनिवारी सकाळी माझ्या घरातून कसला वास येतो. मी विचारात पडले. मग लक्षात आलं, फोडणी. शनिवारी मी पोहे करते, आणि इंडक्शनवर धूर होतो म्हणून खिडकी उघडी ठेवते.

"तुझी खिडकी उघडली की मला भूक लागायची," ते म्हणाले. "बायको होती तेव्हाही आम्ही बोलायचो, की शेजारीण काय करत असेल."

"कधी विचारलं नाहीत?"

"तूही कधी गाडीत बसायला मागितलं नाहीस."

त्या शनिवारी मी त्यांना पोह्यांना बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून विंचरून ते पुढच्या दाराने आले, बेल वाजवून. पोह्यांवर शेव घातली ती त्यांना फार आवडली, लिंबाची फोड दोनदा मागून घेतली. मिरच्या शिस्तीत ताटलीच्या कडेला काढून ठेवल्या. खाऊन झाल्यावर ताटली स्वतः सिंकमध्ये ठेवायला उठले आणि खिडकीपाशी थांबले. समोर त्यांचं गॅरेज. दिवा चालू राहिला होता.

"इथून हे असं दिसतं होय," ते म्हणाले.

तेवढे काही आठवडे माझे दिवस वेगळे गेले. कॉल संपला की मी घड्याळ बघायचे. एका गुरुवारी संध्याकाळी मैत्रिणीने सिनेमाला बोलावलं तर मी कॅन्सल केलं. मला क्लासला जायचंय, म्हटलं.

शाळांना सुट्ट्या लागल्या आणि त्यांची मुलगी ट्रक घेऊन आली. सामान फार नव्हतंच. दुपारी त्यांनी मला बोलावलं, माझा चेक घेऊन किल्ल्या दिल्या, बरोबर गाडी चमकवायच्या मेणाचा डबा, काही जादा बल्ब आणि पुसायचं एक मऊ फडकं. "आठवड्यातून एकदा तरी फिरव," म्हणाले. "उभी राहिली की बिघडते ती." मला वाटलं होतं, निघताना ते मला जवळ घेतील, इथे घेतात तसं. त्यांनी हात पुढे केला. मी हात मिळवला. मग ते मुलीशेजारी ट्रकमध्ये बसले आणि गेले. गाडी मी माझ्या गॅरेजमध्ये आणून लावली. माझी नेहमीची गाडी बाहेर राहू लागली.

नागपूरला बहिणीला फोनवर सांगितलं.

"काहून घेतली गं?" ती म्हणाली. "तुझी ती दुसरी खराब झाली का?"

"नाही. चांगली आहे."

"मग दोन-दोन गाड्यांत बसणार कोण? काय करून राहिलीस तू तिकडे?"

मी विषय बदलला, आईच्या गुडघ्याचं विचारलं.

इथली मैत्रीण पुण्याची. ती फोटो बघून म्हणाली, "सिरियसली? यार, आधी सांगायचं तरी." मग एका रविवारी नवऱ्याला घेऊन आली. त्याने मोबाइलवर भरपूर फोटो काढले. तिला मी तळ्यापर्यंत फिरवून आणलं. जातायेता ती दाराचं हँडल धरून बसली होती. उतरताना म्हणाली, "मस्त आहे गं. पण पेट्रोलचा केवढा वास येतो, माझं डोकंच चढलं." पुन्हा येऊ म्हणाली. येणारही असेल. मुलांचे क्लासेस असतात, त्यांचे वीकेंड भरलेले असतात.

पहिल्या शनिवारी मी ठरवून चहा झाल्यावर गाडी काढली. सगळं त्यांनी शिकवल्यासारखं केलं. चोक थोडा ओढला, किल्ली फिरवली, घरघर, आणि मग ती उठली. थोडा वेळ जागेवर गुरगुरू दिली. त्यांच्याच रस्त्याने निघाले, पाइनच्या पलीकडे, तळ्याला वळसा घालून परत. गाडी कुठे बंद पडली नाही. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने अंगठा वर करून दाखवला. सगळं नीट झालं, आणि घरी येऊन मी गॅरेजमध्येच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारीही तसंच. तिसऱ्या की चौथ्या खेपेला लक्षात आलं. ओट्यावरचे पेले मी निघताना किणकिणले असतील, पण ते ऐकायला घरात कुणी नव्हतं. मला जो आवाज आवडायचा तो भिंतीपलीकडून यायचा. शेजारी कुणीतरी उठलंय, त्याचं काहीतरी चाललंय, तो जाऊन परत येणार आहे, हे त्यातून कळायचं. गाडीत बसल्यावर ते नुसतं इंजिन होतं. चांगलं इंजिन होतं. पण ते सुरू करायला मीच आणि बंद करायलाही मीच.

शेजारच्या घरात नवीन कुटुंब आलं. सभ्य माणसं आहेत. त्यांची गाडी इलेक्ट्रिक आहे. ती कधी जाते, कधी येते, समजत नाही.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. रविवारी सकाळी एका शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांवाले लोक जमतात असं कळलं. मी गेले. घडीच्या खुर्च्या, कॉफीचे थर्मास, ओळीने लावलेल्या गाड्या. मी लावायला जागा शोधतेय तेवढ्यात एकाने हाताने खुणा करून मला नीट आत घेतलं. उतरल्यावर त्याने विचारलं, "नवऱ्याची का?"

"नाही, माझी."

"अरे वा. बनवली कुणी?"

"शेजाऱ्यांनी."

बॉनेट उघडलं तशी माणसं जमा झाली. कार्बुरेटर कुठला, गिअरबॉक्स मूळचाच का, रंग कुणी दिला. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं, ते लवकर संपलं. मग ते आपापसांत बोलू लागले. मी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कुणी वाईट वागलं नाही, एकाने तर मला कॉफी आणून दिली. पण तासभर लोक माझ्या गाडीशी बोलत होते, आणि मी ते संपायची वाट बघत होते. पुन्हा गेले नाही.

ऑक्टोबरात मी त्यांना फोन केला. अधूनमधून मेसेज व्हायचे, फोन पहिल्यांदाच. म्हटलं, शनिवारी गाडी घेऊन येऊ का तिकडे, भेटायला?

"इतक्या लांब?" ते म्हणाले. "ये की."

आदल्या संध्याकाळी मी दशम्या केल्या, लसणाची चटणी डब्यात भरली. त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू. उजाडताच निघाले. चाळीस नंबरच्या हायवेवर मोठे ट्रक शेजारून जायचे तेव्हा गाडी हलायची. पायाखालून गरम हवा यायची, आणि आवाज इतका की मी रेडिओ लावायचा विचारही केला नाही. मी उजवी लेन धरून शांतपणे चालवत राहिले. पुढे डोंगर सुरू झाले, चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. रेस्ट एरियात थांबले, गाडी निववली, मग पुन्हा निघाले. झाडं लाल-पिवळी झाली होती. मला सारखं वाटत होतं, आता पोचल्यावर ते कसे दिसतील, किती वाळले असतील, एकटे खिडकीत बसलेले असतील. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

ते बाहेरच होते, पोर्चवर उभे. वाळले नव्हते, उलट जरा भरले होते. अंगात नवा निळा स्वेटर. गाडी वळून आत आली तसे काठी टेकत पुढे आले. माझ्याआधी त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मग बॉनेट उघडायला सांगितलं, मान तिरकी करून ऐकलं.

"चोक जरा जास्त ओढतेस तू."

"असेल."

"पण छान ठेवलीयस."

ते शेजारच्या सीटवर बसले. त्या आवाराला मी दोन फेऱ्या मारल्या. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला होता आणि समोर बघत होते. दुसरी फेरी संपता संपता त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"जेवणाची वेळ झाली," म्हणाले. "आमचं टेबल ठरलेलं असतं. आणि जेवणानंतर आज पत्ते. चल, तूही चल जेवायला."

"नको, नको," मी म्हटलं. "मी खाऊन आलेय."

"बरं," ते म्हणाले. "एवढ्या लांब आलीस, फार बरं वाटलं." लाडवांचा डबा काखेत घेतला, काठी सावरली आणि गेले. काचेची दारं आपोआप उघडली आणि आपोआप मिटली.

मी गाडीत बसून राहिले. आपल्याकडे पहिला 'नको' कुणी खरा धरत नाही. बोलावणारा आग्रह करतो, दुसऱ्यांदाही आपण नको म्हणतो, मग तो हात धरून नेतो, आणि आपल्याला जायचंच असतं. इतकी वर्षं या देशात काढून मला माहीत होतं, की इथे नको म्हणजे नको. तरीही तोंडातून तेच निघालं होतं. मी दशम्यांचा डबा उघडला. एक घास तोडला, तो काही खाववेना. जेवणघराच्या खिडक्या समोरच होत्या. आत पांढरी डोकी हलताना दिसत होती, कुणीतरी मान मागे टाकून हसत होतं. मी वाटभर ज्याला एकटं समजत आले होते तो माणूस तिथे आपल्या टेबलावर बसला होता, आणि घरी परतीचा रस्ता चार तासांचा होता.

डबा मिटला आणि मी आत गेले.

काउंटरवरच्या मुलीने माझं नाव लिहून स्टिकर दिला, तो मी कुर्त्यावर चिकटवला. ते टेबल शोधायला वेळ लागला नाही. दोन बाया, एक फार उंच म्हातारे आणि माझे शेजारी. मला बघून ते अर्धवट उठले.

"काय झालं? सुरू होत नाहीये?"

"गाडी ठीक आहे," मी म्हटलं. "मला भूक लागलीय."

"मगाशी म्हणालीस, खाऊन आलेय."

"तसंच म्हटलं. खाल्लं नव्हतं."

त्यांना ते समजलं नसावं. पण त्यांच्या शेजारच्या बाई हसल्या आणि मागच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून घेतली. "बस, बस," म्हणाल्या. "इथे आम्ही सगळेच विसरतो, खाल्लं की नाही ते."

"ही माझी शेजारीण," शेजाऱ्यांनी टेबलाला सांगितलं.

ताटात चिकन होतं. मी खात नाही म्हटल्यावर चीज घातलेली मॅकरोनी आणि शिजवलेल्या हिरव्या शेंगा आल्या, दोन्ही कोमट. टेबलावरचं बोलणं मला फारसं कळत नव्हतं. कुणाच्या तरी खुब्याचं ऑपरेशन, बाजाराला नेणारी बस वेळेवर न येणं, स्वयंपाक्याने सूपमध्ये पुन्हा मीठ जास्त घातलं. मला कुणी खोदून काही विचारलं नाही. लाडवांचा डबा मधोमध उघडला गेला. उंच म्हाताऱ्यांनी, यात शेंगदाणे तर नाहीत ना, एवढं विचारून घेतलं आणि एक खाल्ला, मग दुसरा. जेवण आवरलं तसे पत्ते आले आणि माझ्यापुढेही वाटले गेले. खेळ मला येत नव्हता. शेजारच्या बाई माझ्या पानांत डोकावून, हे टाक, हे नको, असं सांगत होत्या. तरी मी हरले. माझे शेजारी सगळा वेळ आपल्या पानांत गुंतलेले होते. माझी काळजी घ्यायला हवी असं त्यांना वाटत नव्हतं, आणि ते मला आवडलं.

परत यायला अंधार पडला. उतारावर काटा खाली होता, गाडी सुरळीत चालली. दशम्या मी निम्म्या वाटेत, पेट्रोल भरताना पंपाशेजारी उभी राहून खाल्ल्या, चटणीसकट. घरी आले, गॅरेजचं दार वर गेलं, गाडी आत घेतली. इंजिन बंद केल्यावर ते निवताना टिकटिक करत होतं. आत जाऊन मी स्वयंपाकघरातला दिवा लावला. दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि तो नेहमीसारखाच गेला.

त्यानंतर मी दोनदा जाऊन आले, एकदा या गाडीने आणि एकदा पाऊस होता म्हणून साध्या गाडीने. साध्या गाडीने गेले तेव्हा त्यांनी जरा नाराजीने पार्किंगकडे पाहिलं. बहीण अजून विचारते, विकलीस का ती? नाही विकली. विकणार नाही असंही नाही. शुक्रवार ते सोमवार अजून बहुतेक वेळा गप्पच जातात.

मागच्या खेपेला उंच म्हातारे टेबलावर नव्हते. कुठे आहेत, मी विचारलं. बाईंनी 'नाही' अशी मान हलवली आणि माझा हात थोपटला. मी आपली मागच्या टेबलाची खुर्ची ओढायला लागले, तर शेजारी म्हणाले, कशाला, ही रिकामी आहे. मी त्या खुर्चीवर बसले. पानं वाटून झाली होती. माझी मी उचलली आणि हातात लावून घेतली.